कॉम्प्युटर फास्ट करणारा पेनड्राईव्ह: माझे २६२० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

यावल तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. केळीच्या पीकविम्याचे दिवस, दारात शेतकऱ्यांची रांग आणि माझा विंडोज ७ चा, २ जीबी रॅमचा कॉम्प्युटर एक सातबारा उघडायला जीव घेत होता. हे लक्षात घ्या आणि मगच मला नावं ठेवा.

सीपीयू उचलून जळगावला नेला. दुकानदाराने 'स्पीड बूस्टर' पेनड्राईव्ह काढला. "भाऊ, १२८ जीबी आहे. लावला की रॅमच वाढते." पेनड्राईव्हचे १८५०, 'सेटिंग'चे ३५०. रोख दिले. बिल मागितलं तर म्हणे, जीएसटी वेगळा लागेल. बिल सोडू नका, पुढे सगळं तिथेच अडतं.

त्याने ड्राईव्हवर राईट-क्लिक केलं, प्रॉपर्टीजमध्ये रेडीबूस्टचा टॅब उघडला आणि पट्टी उजवीकडे ओढली. ती ४०९४ वर थांबली. मी पाहिलं. विचारलंसुद्धा, "१२८ जीबी ना, मग ४०९४ एमबीच का?" "बाकीचं आपोआप घेतं." आणि मी मान डोलावली! दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस मी. तो आकडा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

रेडीबूस्ट २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे माझ्या विंडोज ७ मध्येही, फुकटच होतं. त्याने रॅम वाढत नाही. हार्ड डिस्कवरचा वारंवार लागणारा डेटा पेनड्राईव्हवरही ठेवला जातो, एवढंच. ड्राईव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीच्या वर ते जातच नाही, म्हणून पट्टी ४०९४ वर अडली. रॅम कमी असेल तर थोडा फरक पडतो. हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी बसवलेली असेल तर विंडोज स्वतःच 'गरज नाही' सांगतं. पैसे रॅममध्ये घाला, नाहीतर एसएसडीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर गिळलं असतं. सी ड्राईव्ह भरला म्हणून ग्राहकांचे स्कॅन कट करून त्याच पेनड्राईव्हवर टाकले. फाइलींची नावं दिसतात, साइझ दिसते, उघडत एकही नाही. पेनड्राईव्हची खरी जागा तपासणारं एचटूटेस्टडब्ल्यू सॉफ्टवेअर चालवून पाहिलं तेव्हा कळलं, आत खरी जागा ८ जीबीच. नवा पेनड्राईव्ह रिकामा असतानाच ही टेस्ट करा.

परत गेलो. दुकानदार म्हणाला, "हा माल आमचा नाहीच." दोन फेऱ्यांचे ४२० रुपये गेले. तालुक्याच्या ठाण्यात अर्ज घेऊन गेलो तर म्हणे, जळगावला द्या. जळगावात म्हणे, सायबरला जा. सायबरवाले म्हणे, रोखीने घेतलं ना, मग हे ऑनलाइन नाही. ग्राहक मंचाचं विचारलं तर "बिल आणा". एकानेही पेनड्राईव्ह हातात घेऊन पाहिला नाही. एक साहेब तर म्हणाले, "दोन हजारासाठी एवढं काय?" साहेब, दोन हजार माझी आठवड्याची कमाई आहे! आणि त्या दुकानात आजही तोच माल काचेत लावलेला आहे.

अकरा शेतकऱ्यांना फोन करून कागद परत मागितले. साकळीचे एक आजोबा उन्हात पुन्हा आले, पासबुक टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता बाकावर बसून राहिले.