ढीग, खड्डा की गांडुळं? इंदूरच्या अंगणात घरचं खत करायचं तर

आमच्या घरापुढे 10 बाय 12 फुटांचा दूबचा, म्हणजे दुर्वेसारख्या गवताचा, तुकडा आहे, त्याला आम्ही मोठ्या तोऱ्यात लॉन म्हणतो, कडेने मेथी-पालक आणि टोमॅटो, वर गच्चीत कुंड्या. युरिया बंद करून बरीच वर्षं झाली, त्यामुळे नात्यात कोणी नवीन बाग सुरू केली की फोन मला येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "सगळ्यात लवकर खत कशात होतं गं?" तर गांडुळांमध्ये दीड-दोन महिन्यांत, ढिगात 3 महिन्यांत, खड्ड्यात 6 ते 8 महिन्यांत. झालं सांगून. पण यावरून ठरवू नका, मी ठरवलं होतं आणि पस्तावले. तुमच्या घरात कचरा येतो कसा ते बघा, रोज वाटीभर सालं, की वर्षातून एकदा पोत्यांनी पाला, आणि फावडं कोण उचलणार तेही बघा.

ढिगापासून सुरू करते, कारण तो आपल्या गावचा आहे. जगभर सेंद्रिय शेतीवाले ज्याला इंदूर पद्धत म्हणतात ती इथलीच, आणि आपल्याकडे दहा जणांना विचारा, नऊ जणांना इंदूरचं म्हटलं की पोहे आणि सेवच आठवते. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 इथे होते, होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर त्यांची संस्था होती, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. चीनचे शेतकरी शतकानुशतकं जसं खत करत आले ते डोळ्यासमोर ठेवून त्यांनी माळव्यातल्या काडीकचऱ्यासाठी ही रीत बसवली, आणि 1931 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं ते यशवंत वाड यांच्या जोडीने. आपल्यातलं आडनाव आहे म्हणून सांगते, हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं कोणी घेत नाही. 1935 मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाला इंदूरला आले तेव्हा तेही हे बघून गेले होते.

रीत काय, तर खाली जाड काड्या म्हणजे हवा खेळेल, त्यावर वीतभर सुका पाला, त्यावर हिरवं म्हणजे कापलेलं गवत, भाजीची देठं, मग शेणकाला आणि चिमूटभर राख, पाणी, आणि परत पाला. हॉवर्ड गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती टाकायचे, आपण दूधवाल्याकडून बादलीभर शेण आणलं तरी भागतं. 15 दिवसांनी उलथायचं, परत 15 दिवसांनी, मग महिन्याने तिसऱ्यांदा. आत हात घातला तर चटका बसेल इतकं तापतं, 55-60 डिग्री, आणि त्या तापातच तणाचं बी मरतं, लॉनवाल्यांनी इथे कान टवकारा. खरी अडचण ही की ढीग निदान 3 बाय 3 बाय 3 फुटांचा हवा नाहीतर तापतच नाही, आणि तो 5-6 दिवसांत रचून व्हायला हवा. चार माणसांच्या घरात दिवसाला किलोभर ओला कचरा निघतो, त्यातून हा ढीग कधी उभा राहायचा? मी पहिल्या वर्षी रोज बादली रिकामी करत बसले आणि महिन्याभरात ढीग नाही, माशांचं लग्नघर तयार झालं, सासूबाईंनी दोन दिवस अंगणात पाऊल टाकलं नाही.

आता काय करते, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब, पिंपळ, आंबा पानं गाळतात ती झाडून बोऱ्यांमध्ये, म्हणजे पोत्यांमध्ये, भरून गच्चीवर ठेवते, सात-आठ बोऱ्या सहज होतात, शेजारचे तर आपणहून आणून देतात. जूनच्या शेवटी पहिला पाऊस पडून दूब सटासट वाढली की हिरवं आयतं मिळतं, तेव्हा एका रविवारी ढीग रचायचा, जमिनीच्या वर हं, खड्ड्यात नाही, कारण आपल्या काळ्या मातीत पावसाचं पाणी मुरत नाही, तुंबून बसतं. हॉवर्डही पावसाळ्यात वरच ढीग लावायचे. वरून बरसाती म्हणजे प्लॅस्टिकचं कापड टाकायचं पण बाजू उघड्या ठेवायच्या. पाण्याचा खर्च शून्य, आणि ज्यांच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं त्यांना मे महिन्यात ढीग ओला ठेवणं म्हणजे काय ते सांगायला नको. नवरात्रात खत हातात, नेमकं मेथी-पालक टाकायच्या वेळेला.

खड्डा म्हणजे बंगळूर पद्धत, 1939 च्या सुमारास सी. एन. आचार्य नावाच्या शास्त्रज्ञांनी तिकडे बसवली, शहरातल्या कचऱ्यासाठी. थर तसेच घालायचे, वरून ओल्या मातीने लिंपून टाकायचं आणि विसरून जायचं. उलथणं नाही, पाणी नाही. ज्यांची कंबर धरते किंवा नवरा फावड्याला हात लावत नाही त्यांच्यासाठी हेच बरं. हवा नसल्यामुळे कुजणं मंद चालतं, पण कस ढिगापेक्षा कमी उडून जातो आणि खतही जास्त हाती लागतं. आमच्या काकू दिवाळीच्या साफसफाईत निघालेला पालापाचोळा, झेंडूच्या माळा, सगळं 3 फूट खड्ड्यात घालून लिंपतात आणि मृगाच्या आधी उकरतात, हिशेब बरोबर बसतो. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत खड्डा करूच नका, गटार होतं. आणि तो ढिगासारखा तापत नाही, म्हणून तणाचं बी आलेलं गवत त्यात गेलं की पुढच्या वर्षी तेच तण तुमच्या लॉनमध्ये. लव्हाळ्याच्या गाठी तर ढिगातही नको आणि खड्ड्यातही नको, उन्हात खडखडीत वाळवून फेका.

गांडुळं हा तिसरा प्रकार, आणि सगळ्यात जास्त लोक यालाच भुलतात. लाल गांडुळं लागतात, अंगणात पावसात निघतात ती नाही. रोजचा वाटीभर कचरा यांना आवडतो, म्हणून फ्लॅटवाल्यांना, नुसत्या कुंड्या असणाऱ्यांना हेच घ्या म्हणेन मी. क्रेट किंवा टाकी, खाली भोकं, नारळाच्या शेंड्या, 10-15 दिवसांचं जुनं शेण आणि वरून ओलं पोतं. ताजं शेण घालू नका, ते तापतं आणि बिचारी पळून जातात नाहीतर मरतात. लिंबा-संत्र्याची सालं, मिरची, तेला-मिठाचं उरलंसुरलं हेही नको, आणि आपल्या घरात उरलंसुरलं म्हणजे फोडणीचंच असतं ना. मुंग्या चढू नयेत म्हणून क्रेटच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

आता उन्हाळा. गांडुळांना 30 डिग्रीपर्यंत बरं वाटतं, 35 च्या वर हाल सुरू, आणि इथे मेमध्ये पारा 40 ओलांडतो. एका मेमध्ये आम्ही लग्नाला पुण्याला गेलो, आठ दिवस, पोतं ओलं करायला शेजारच्या मुलाला सांगितलं होतं, त्याने दोन दिवस केलं असेल. परत आलो तर क्रेटमध्ये काही म्हणजे काही हललं नाही. तेव्हापासून क्रेट उत्तरेच्या भिंतीला, बाथरूमच्या मागे असतं, आणि गावाला जाताना माहेरी पोचवून येते, हसू नका. कुत्रा पाळल्यासारखंच आहे हे, सुट्टी नाही.

मग लॉनसाठी काय? सरळ ढीग. माझ्या 120 चौरस फुटांवर अर्धा सेंटीमीटर चाळलेलं खत पसरायचं तर साधारण 55 लिटर लागतं, म्हणजे पाचेक घमेली, आणि 3 फुटांचा ढीग आटून अर्ध्याच्या खाली आला तरी वीस-पंचवीस घमेली देतो, वाफ्यांनाही पुरून उरतो. गांडुळांच्या क्रेटमधून दोन महिन्यांत जेमतेम दोन घमेली निघतात, ती लॉनवर पसरणं म्हणजे केशर चुलीत घालण्यासारखं, ती गुलाबाला आणि रोपांना द्या. खत जाळीतून चाळून पावसाच्या सुरुवातीला टाकायचं आणि झाडूने पात्यांमधून खाली सारायचं. जाड थर दिलात तर दूब गुदमरून पिवळी पडते. कापलेलं गवतही ढिगात एका जागी थापू नका, चिकटून गोळा होतो आणि घाण वास सुटतो, पाल्यात मिसळूनच घाला.

आणि यातलं काहीच जमणार नसेल, घरात दोघं नोकरीवाले, अंगण नाही, तर ओला कचरा सकाळच्या गाडीत वेगळा करून देऊन टाका आणि खताची बोरी विकत आणा, त्यात कमीपणा काय आहे? इंदूरच्या देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस करणारा बायो-सीएनजी प्लांट आहे, 2022 मध्ये रोज 550 टनांच्या क्षमतेने सुरू झाला, तुमची सालं वाया जात नाहीत. फक्त बोरी घेताना मूठभर हातात घेऊन बघा, चहाच्या चोथ्यासारखं भुसभुशीत आणि पहिल्या पावसाचा वास असेल तरच घ्या, शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, रोपांची मुळं जाळेल.

मला विचाराल तर अंगण असलेल्यांनी या फेब्रुवारीत नुसत्या बोऱ्या भरून ठेवा, ढीग लावायचा की नाही ते जूनमध्ये ठरवा. नाहीच लावला तर दिवाळीला तोच पाला खड्ड्यात जाईल.