जायचे कशासाठी, परतायचे कधी : नागपुरातील एका अभ्यासवर्गाविषयी

परदेशात सैन्य पाठवण्याचे समर्थन कोणत्या आधारावर केले जाते आणि ते परत आणण्याचा निर्णय इतका का रखडतो, एवढ्या एकाच प्रश्नावर शंकरनगर परिसरातील एका जुन्या वाचनालयाने रविवार सकाळचा सशुल्क अभ्यासवर्ग चालवला. आठ बैठका, प्रत्येकी दोन तास, शुल्क बाराशे रुपये आणि विद्यार्थ्यांना त्यात निम्मी सवलत, असे त्याचे स्वरूप होते. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या नागपुरात गल्लोगल्ली आहेत. पण ज्याचा एकही गुण कुठल्या परीक्षेत मिळणार नाही अशा विषयासाठी महाविद्यालयीन मुले, निवृत्त प्राध्यापक आणि कामठीकडचे माजी सैनिक सकाळी नऊला खुर्च्या धरून बसतात, याचे मला मनापासून अप्रूप वाटले. काही गंभीर उणिवा असूनही हा वर्ग करावा, असेच माझे मत आहे.

वर्गाचे बळ त्याच्या पद्धतीत आहे. शिकवणारे सर प्रत्येक युद्धासाठी फळ्यावर दोन रकाने आखतात. एकात सरकारने युद्धासाठी दिलेले कारण आणि दुसऱ्यात ते कधी दिले, ती तारीख. इराकच्या बैठकीत या साध्या मांडणीने जे दाखवले ते एखाद्या जाड ग्रंथानेही इतक्या स्वच्छपणे दाखवले नसते. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अध्यक्षांना युद्धाचा अधिकार दिला तेव्हा, आणि ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर बोलले तेव्हा, मुख्य कारण महासंहारक अस्त्रांचे होते. ती अस्त्रे सापडली नाहीत. मग भर लोकशाहीच्या उभारणीवर गेला, २००६ नंतर यादवी आवरण्यावर गेला, आणि शेवटी ‘आता निघालो तर आजवर गेलेले जीव वाया जातील’ या युक्तिवादावर येऊन ठेपला. हा शेवटचा युक्तिवाद सर्वांत भावनिक आणि माझ्या मते सर्वांत घातक आहे, कारण युद्ध जितके लांबते आणि माणसे जितकी अधिक मरतात तितका तो अधिक बळकट होत जातो. त्याला बाहेरच्या कोणत्याही पुराव्याची गरजच उरत नाही.

व्हिएतनामची बैठकही याच तोलाची झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये अध्यक्षांना तिथे लष्करी बळ वापरण्याची मुभा देणारा टोंकिनच्या आखाताविषयीचा ठराव अमेरिकी प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. अमेरिकी युद्धनौकांवरच्या ज्या दोन हल्ल्यांच्या आधारे तो मांडला गेला, त्यांपैकी ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. सर्वांना अस्वस्थ करणारा आकडा मात्र माघारीच्या संदर्भातला होता. या युद्धात मरण पावलेल्या ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे २१ हजार जानेवारी १९६९ नंतर, म्हणजे सन्मानपूर्वक शांततेचे आश्वासन देणारे निक्सन अध्यक्ष झाल्यानंतर मेले. बाहेर पडायचे हे ठरल्यावरही केवळ ‘कसे पडायचे’ यासाठी एवढे प्राण गेले, हे समोर मांडले की माघारीच्या वादाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

अफगाणिस्तानसाठी सोव्हिएत आणि अमेरिकी माघार शेजारी ठेवली होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक परतल्यावर सोव्हिएत पाठिंब्यावरचे अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला यांचे सरकार एप्रिल १९९२ पर्यंत टिकले, तर ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सैन्य पूर्ण निघण्याआधीच काबूल पडले. तुलना मोलाची होती, पण वेळेअभावी ती उरकली गेली.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बैठक श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेवरची होती. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, सैन्य शांतता राखायला गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्याच सैन्याला ‘ऑपरेशन पवन’अंतर्गत तामिळ वाघांविरुद्ध, म्हणजे ‘एलटीटीई’ या सशस्त्र तामिळ संघटनेविरुद्ध, लढावे लागले. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांच्या तुकडीतील एकोणतीस जण मारले गेले आणि एक जिवंत पकडला गेला, हे सर सांगत होते तेव्हा मागच्या रांगेतले कामठीचे निवृत्त हवालदारसाहेब उठून नकाशापाशी आले. त्यांनी जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर बोट ठेवले, तिथून जाफना शहराकडे जाणारा रस्ता दाखवला आणि एवढेच म्हणाले, “आमाले सांगतलं होतं का शांतता राखाले चाल्लो. कोनाशी लढाचं हाय, हे तिथं गेल्यावर समजलं.” जून १९८९ मध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी सैन्य परत न्या अशी जाहीर मागणी केली, २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली आणि मद्रासला परतलेल्या सैनिकांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. सुमारे बाराशे जवान गमावलेल्या या मोहिमेची चर्चा आपल्या घराघरांत का होत नाही, हा प्रश्न त्या बैठकीने ठामपणे उभा केला.

नेमक्या याच कारणाने माझी पहिली तक्रार आहे. आठपैकी पाच बैठका अमेरिकेवर आणि शांतिसेनेवर एकच, ही वाटणी नागपुरातल्या वर्गाला शोभत नाही. हवालदारसाहेबांना आणखी पुष्कळ सांगायचे होते. त्यांना दहा मिनिटांत बसवावे लागले.

दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. १९७१ चे युद्ध वर्गात आलेच नाही. एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आलेले असताना झालेले ते युद्ध १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीने संपले आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून बाहेर पडले. सीमेपलीकडे सैन्य पाठवण्याचे समर्थन कधी टिकते आणि वेळेत परतणे कशामुळे शक्य होते, हे शिकण्यासाठी याहून जवळचे उदाहरण नाही. ते वगळल्यामुळे प्रत्येक परकी युद्ध खोट्या कारणावरच उभे असते, असा समज घेऊन तरुण मुले घरी जातात, आणि हा समज अपुरा आहे. जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाविना इराकला सैन्य पाठवायचे नाही असे ठरवले, त्यालाही केवळ ओझरता उल्लेख मिळाला. वास्तविक न जाण्याचा निर्णय कसा घेतला जातो, यावर एक स्वतंत्र बैठक सहज झाली असती.

ज्यांच्या भूमीवर ही युद्धे झाली, त्या इराकी, अफगाण किंवा जाफन्याच्या तामिळ माणसांचे लेखनही वाचनसाहित्यात नव्हते. टिपणे स्वच्छ छापलेली होती, परंतु मूळ उतारे इंग्रजीत आणि मराठी सारांश अर्ध्या पानाचा, त्यामुळे मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांची अडचण झाली. सभागृह पहिल्या मजल्यावर असून उद्वाहन नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. शंकरनगर मेट्रो स्थानकापासून अंतर पायी जाण्याजोगे आहे.

वादाची शिस्त मात्र आदर्श होती. ‘थांबायला हवे होते’ असे म्हणणाऱ्याला सर शांतपणे विचारत की आणखी किती वर्षे आणि कोणते उद्दिष्ट गाठेपर्यंत. ‘आधीच निघायला हवे होते’ म्हणणाऱ्याला मागे राहणाऱ्या दुभाष्यांचे आणि सहकाऱ्यांचे काय, असे विचारत. दोन्ही बाजूंना उत्तर द्यावेच लागे आणि आवाज चढवून सुटका होत नसे. पुढचा वर्ग दिवाळीनंतर सुरू होणार आहे. शांतिसेनेसाठी दोन बैठका आणि १९७१ साठी एक राखून ठेवावी, अशी लेखी सूचना मी वाचनालयाकडे दिली आहे. नाव नोंदवणाऱ्यांनीही ती मागणी आवर्जून करावी.