14 महिन्यांनंतर: मशीन झकास, बटण भिकार

स्वतः सुटे भाग आणून जमवलेल्या माझ्या पीसीचा हा रिव्ह्यू. लिहायला बसले होते एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, शिव्या घालायला. अर्धा रिव्ह्यू लिहूनही झाला होता. तो तसाच टाकला असता तर एका निरपराध डब्यावर अन्याय झाला असता, म्हणून पहिले चार परिच्छेद खोडून नव्याने लिहितेय.

कॉन्फिगरेशन असं: रायझन 5 5600जी प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 8-8 जीबीच्या दोन रॅम, 500 जीबीचा एनव्हीएमई ड्राइव्ह, 450 वॅटचा एसएमपीएस, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. 2024 च्या दिवाळीत मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत फिरून जमवलं, मॉनिटर जुनाच ठेवला. कॅबिनेट, म्हणजे हे सगळं बसवायचं खोकं, साडेतीन हजारांचं, बाजूला काच आणि पुढे तीन रंगीत पंखे. मला काच नको होती, रंगीत पंखे तर मुळीच नको होते. साधं पत्र्याचं द्या म्हटलं तर दुकानदाराने असं पाहिलं, जणू मी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मागितला.

घरी डीटीपी करते. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका. जुलैपर्यंत मशीनबद्दल काडीची तक्रार नव्हती. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन फाइली आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडे असले तरी हूं की चूं नाही. प्रोसेसर 65 वॅटचा, त्याच्यासोबत फुकट आलेला पंखाच लावलाय, आणि डोंबिवलीच्या मे महिन्यातही त्याचा आवाज वाढला नाही.

पावसाळ्यात सुरू झालं. बटण दाबलं की पंखे फिरायचे, दिवे लागायचे, आणि चार-पाच सेकंदांत सगळं ढप्प. पुन्हा दाबलं की चालू. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड. कधी काम करता करता स्क्रीनवर आपसूक ‘शटिंग डाउन’ यायचं, शांतपणे, जणू मीच सांगितलंय. कधी तेवढंही सौजन्य नाही, थेट काळोख. तुळशीचं लग्न लागलं की माझा सीझन सुरू होतो. एका पत्रिकेत ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ एवढं टाइप केलं आणि मशीन गेलं. ती ओळ त्या दिवशी मी तीनदा टाइप केली. मावशीचं लग्न मोडतंय की काय असं वाटायला लागलं.

उपाय सगळे केले. पहिला अर्थातच खोडरबर. रॅम काढल्या, सोनेरी दात घासले, परत खटकन बसवल्या. तीन दिवस छान चालला. मग वाटलं प्रोसेसर तापत असेल, म्हणून प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर यांच्यामध्ये लावायची 180 रुपयांची थर्मल पेस्ट आणली. (इथे एक सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं: या एएम4 सॉकेटच्या प्रोसेसरच्या बुडाला 1331 पिना असतात आणि वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते. मी कूलर सरळ वर ओढला, तर लॉक लावलेलं असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून बाहेर आला. दोन पिना वाकल्या. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने त्या सरळ करताना जन्माचं पुण्य खर्ची पडलं. आधी मशीन पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.) त्यानंतर चार दिवस चालला. पुन्हा तेच.

मग यूपीएसवर संशय. बॅटरी तीन वर्षांची होतीच, 1,150 रुपयांना नवीन घातली. एक दिवससुद्धा फरक नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शेवटी स्टेशनजवळच्या एका रिपेअरवाल्याकडे दिला. नाव देत नाही, माणूस वाईट नाही. नऊ दिवस ठेवला. आधी म्हणाले बोर्ड गेलाय. मग म्हणाले रॅम असेल, बदलून बघू. 2025 च्या डिसेंबरात रॅमचे भाव भलतेच भडकले होते. मी दोन्ही मिळून 3,200 ला घेतल्या होत्या, त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी आधी बसायला खुर्ची मागितली. म्हटलं, बंद पडताना मला दाखवा, मग बदला. तर म्हणे, “ताई, इथे दोन दिवस सलग चालू आहे, काहीच होत नाहीये.” काहीच होत नाहीये तर बोर्ड कसा गेला, याचं उत्तर मिळालं नाही, तपासणीचे 600 मात्र मागितले. 300 वर मिटलं, पाऊण तास लागला.

निघताना मी म्हटलं, एकदा चालू करून दाखवा. काच उघडीच होती. मुलाने स्क्रू ड्रायव्हर घेतला, बोर्डाच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांना टेकवला आणि मशीन सुरू झालं. पुढच्या पॅनलच्या वायरी त्यांनी तपासणीसाठी काढूनच ठेवल्या होत्या, त्या माझ्यासमोर परत लावल्या. तेव्हा माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

घरी आणलं, टेबलावर दाणकन ठेवलं, चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी: पाच सेकंद, ढप्प.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोजची नोंदवही असते ती, सिस्टीममध्ये कर्नल पॉवर, आयडी 41 शोध.” एकवीस नोंदी लाल बदामासारख्या ओळीने बसल्या होत्या. ही नोंद म्हणजे ‘मशीन नीट बंद न होता बंद झालं’ एवढंच, त्यावरून कारण कळत नाही. पण तपशिलाच्या टॅबमध्ये खाली दोन ओळी असतात. बगचेक कोड माझ्याकडे शून्य होता, म्हणजे विंडोज कोलमडून निळा स्क्रीन येणं वगैरे काही नाही. दुसरी ओळ पॉवर बटण टाइमस्टँप. लाइट गेली असती किंवा एसएमपीएसने दगा दिला असता तर तिथे शून्य दिसलं असतं. माझ्याकडे बहुतेक नोंदींत लांबलचक आकडा होता. म्हणजे विंडोजचं म्हणणं असं, की कोणीतरी पॉवर बटण दाबून धरलं होतं.

घरात मी एकटी. आणि तेव्हा तो स्क्रू ड्रायव्हर आठवला. दुकानात दोन दिवस मशीन चाललं, कारण पॅनलच्या वायरी काढलेल्या, म्हणजे तिथे बटण जोडलेलंच नव्हतं!

टॉर्च घेऊन बघितलं. या कॅबिनेटचं बटण डोक्यावर आहे. वरून पडेल ते सगळं त्याच्या फटीत: धूळ, देवघराच्या फळीवरून येणारी उदबत्तीची राख, आणि हे सगळं चिकट करायला पलीकडच्या ओट्यावरची फोडणी. अंगठ्याने दाबलं तर बटण आत गेलं आणि एका बाजूनेच वर आलं. डावी कड आतच अडकलेली. बटण चारेक सेकंद दाबलेलं राहिलं की बोर्ड विंडोजला न विचारता वीज तोडतो. मशीन अडकलं की आपण तेच करतो ना, तेच. आणि थोडं वर येऊन पुन्हा टेकलं की साधी दाब समजून विंडोज शहाण्यासारखं शट डाउन करतं. दोन वेगळे आजार वाटत होते, तो एकच होता.

खोडरबरने तीन दिवस आणि पेस्टने चार दिवस का चालला, तेही उलगडलं. दोन्ही वेळा मी कॅबिनेट आडवं केलं होतं, त्या हिसक्याने बटण सुटायचं. यूपीएसची बॅटरी बदलताना कॅबिनेटला हातच लागला नव्हता.

दुरुस्ती फुकट झाली. पॉवर स्विच लिहिलेला दोन वायरींचा कनेक्टर काढला आणि त्याच पिनांवर रिसेट स्विचचा बसवला. बहुतेक बोर्डांवर 6 आणि 8 नंबरच्या पिना पॉवरच्या, 5 आणि 7 रिसेटच्या, तरी बोर्डाच्या पुस्तिकेत बघून घ्या. स्विचला उलटसुलट नसतं, दिव्यांच्या वायरींना असतं. ती रिसेटची टिकली मात्र इतकी बारीक की रोज पेनाच्या टोकाने दाबायची पाळी. मग हार्डवेअरच्या दुकानातून 35 रुपयांचं दाराच्या बेलचं बटण आणलं. दाबलं तेवढंच जोडतं, सोडलं की तुटतं, पीसीला एवढंच हवं असतं. जुन्या पॉवर बटणाच्या वायरी मुळापासून कापल्या, लांब करून या बेलला जोडल्या आणि बेल टेबलाच्या कडेला स्क्रूने ठोकली. (फक्त या दोन वायरी. घरातल्या बेलच्या लाइनला हात लावू नका.)

तर निकाल बदलून असा: प्रोसेसर, बोर्ड, एसएमपीएस उत्तम, एसएमपीएसची जाहीर माफी. कॅबिनेटला पाचपैकी एक, तोही खालच्या जाळीसाठी, ती बाहेर ओढून नळाखाली धुता येते. माझ्या 2009 च्या पत्र्याच्या कॅबिनेटचं बटण समोर होतं, अकरा वर्षं चाललं, आणि त्याला कोणी गेमिंग म्हणत नव्हतं. बटण डोक्यावर का ठेवतात? आणि काचेवर, दिव्यांवर एवढा पैसा घातल्यावर जे रोज हाताळायचं त्यालाच दोन रुपयांची स्प्रिंग का? वॉरंटीचं विचारलं तर उत्तर आलं, कॅबिनेटला वॉरंटी पंख्यांपुरती.

तीन आठवडे झाले, 41 ची एकही नवी नोंद नाही. एकदा मशीन बंद पडलं ते शेजारच्या चार वर्षांच्या पाहुण्यामुळे. बेलवर घंटीचं चित्र आहे, त्याने वाजवून बघितली. त्यानंतर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर बटणाला ‘काही करू नका’ दिलंय. दाबून धरलं तर तरीही बंद होईल, पण तेवढा धीर त्या वयाला नसतो.

रंगीत पंख्यांचे दिवे बंद कसे करायचे ते अजून सापडलेलं नाही. वायर पंख्याचीच दिसते, वेगळी येत नाही. कोणी केलं असेल तर सांगा.