जॉब टिकिट: जेडीएफ घ्यावा की आयपीपी?

ठाण्यातल्या एका विमा कंपनीची प्रिंट रूम मी सांभाळते. खाली दोन मोठी डिजिटल मशिनं आणि बाइंडिंगचं टेबल, वर चार मजल्यांवर ऑफिसचे प्रिंटर. पूर्वी जॉब टिकिट म्हणजे बंडलाला रबरबँडने अडकवलेली चिठ्ठी: ‘पाठपोट, ४० प्रती, कव्हर २५० जीएसएम, सेंटर पिन’. मशीनवरचे काका ती वाचायचे, शंका आली की वर फोन लावायचे. आता चिठ्ठी सॉफ्टवेअर वाचतं, आणि सॉफ्टवेअर फोन लावत नाही.

अशी चिठ्ठी सॉफ्टवेअरला कळेल अशी लिहिण्याचा एक ठरलेला फॉरमॅट म्हणजे जेडीएफ (जॉब डेफिनिशन फॉरमॅट). तो २००१ पासून आहे, सीआयपी४ ही छपाई उद्योगातली संस्था तो सांभाळते. कापणं, घडी, बाइंडिंग, सगळं त्यात लिहिता येतं. आमच्या कामाला त्यातला थोडासाच भाग लागतो, पण जो लागतो तो दुसरीकडे इतका नीट मिळत नाही. २०१८ मध्ये त्याचं नवं रूप, एक्सजेडीएफ, आलं. ते खूपच सुटसुटीत, पण जुन्या जेडीएफच्या जागी तसंच चालत नाही. विक्रेता ‘सपोर्ट आहे’ म्हणाला तर कुठला, ते आधी विचारा.

आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल) म्हणजे कॉम्प्युटरने प्रिंटरशी नेटवर्कवरून बोलायची पद्धत. तिला वेगळी फाइल लागतेच असं नाही, सूचना छपाईच्या विनंतीबरोबरच जातात. ऑफिसच्या प्रिंटरला उत्तम. विंडोजचं स्वतःचं जॉब टिकिट, म्हणजे प्रिंट टिकिट, विंडोजपुरतं ठीक.

खरी डोकेदुखी एकातून दुसऱ्यात भाषांतर करताना. साधा ए४ घ्या: आयपीपीत रुंदी २१०००, कारण माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात; विंडोजमध्ये मायक्रॉनमध्ये २१००००; जेडीएफमध्ये पॉइंटांत (इंचाच्या ७२ व्या भागात) साधारण ५९५. हे निदान पटकन लक्षात येतं. पाठपोट छपाईचं येत नाही. आयपीपी म्हणतो ‘लांब कडेवर उलटा’ किंवा ‘आखूड कडेवर’. जेडीएफ म्हणतो एक्स (आडव्या) किंवा वाय (उभ्या) अक्षाभोवती. उभ्या पानाची लांब कड वाय, आडव्या पानाची तीच एक्स! आमच्या टिकिट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने लांब कड दिसली की डोळे झाकून वाय लिहिलं. एजंटांच्या ट्रेनिंगची आडवी पुस्तिका होती, कॅलेंडरसारखी वरून स्पायरल. ६० प्रती बाइंड होऊन आल्या आणि प्रत्येक मागचं पान डोक्यावर उभं. काका म्हणाले, “मॅडम, चिठ्ठी असती तर मी विचारलं असतं.” काय बोलणार?

आता खाली जेडीएफ, वर आयपीपी. मध्ये एकदाच भाषांतर, आणि कुठल्या शब्दाला कुठला शब्द, तो तक्ता आमच्याकडे, विक्रेत्याकडे नाही. जेडीएफला पाचात साडेतीन देईन. अर्धा गुण कापला तो त्याच्या जाडजूड स्पेसिफिकेशनसाठी, बाकीचा मशिनं त्यातलं हवं तेवढंच वाचतात म्हणून.

नव्या मशीनचा डेमो असला की ती आडवी पुस्तिका पेनड्राइव्हवर घेऊन जाते. आतापर्यंत तीन डेमो झाले, सरळ एकातच निघाली.