दोन रुळांची हातचक्की आणि माल्टचा उतारा: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरी जवाच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) अर्क काढणाऱ्यांनी दोन रुळांची हातचक्की घ्यावी का, याचे माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र चक्कीचे नेमके काम कोणते आणि ते कशाने मोजायचे, हे आधी ठरवले नाही तर ती घेऊनही समाधान होणार नाही. मी इंदूरला राहतो आणि हा अर्क पावाच्या कणकेत व मुलांच्या दुधात घालण्यासाठी करतो. कृती बिअरच्या पहिल्या टप्प्याचीच आहे: भरडलेला माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवायचा, पिष्टाची साखर होऊ द्यायची, रस गाळायचा आणि चोथा धुऊन घ्यायचा. मध्य प्रदेशात सर्वसाधारणपणे परवान्याशिवाय घरी मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे मी रस आंबवत नाही; काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवतो. उताऱ्याचे, म्हणजे माल्टमधला किती ऐवज रसात आला याचे, गणित दोन्हीकडे एकच आहे.

चांगल्या फिक्या माल्टच्या एका किलोतून पाण्यात उतरू शकणारा ऐवज साधारण 770 ग्रॅम असतो, म्हणजे 3 किलोतून 2.3 किलो. पूर्वी मी माल्ट मिक्सरमध्ये फिरवत असे, तेव्हा 12 लिटर रसाला जेमतेम 10 ब्रिक्स (रसातील साखरेचे वजनी टक्के) मिळत आणि उतारा 54 टक्क्यांच्या आसपास राही. मिक्सरचे पाते एका दाण्याचे पीठ करते, शेजारचा दाणा अखंड सोडते आणि सालीचा भुगा करते. अखंड दाण्यात पाणी शिरत नाही आणि भुग्यातून रस गळत नाही, असे दुहेरी नुकसान त्यात आहे. पिठाच्या चक्कीवरूनही माल्ट दळून आणता येतो, पण त्यात साल उरतच नाही आणि मग गाळणी तुंबते.

या चक्कीत खाचा पाडलेले दोन पोलादी रूळ असून त्यांच्यातील फट दोन्ही बाजूंच्या चकत्या फिरवून कमीजास्त करता येते. माझी चक्की आली तेव्हा फट 1.2 मिमी होती आणि त्या फटीतून बारके दाणे न फुटताच खाली पडत. 0.9 मिमीवर आणल्यावर भरड पालटली. चिमूटभर भरड पांढऱ्या ताटलीत पसरून पाहावी: साल लांबट आणि बरीचशी अखंड, आतला गर तीन-चार तुकड्यांत निखळलेला, थोडे पीठ, आणि सालीला नख लावले तर आत पांढरे काही चिकटलेले नाही, अशी ती दिसली पाहिजे. फटीच्या आकड्यापेक्षा ही ताटली अधिक विश्वासार्ह आहे, कारण माल्टची प्रत्येक पोती जाडीने सारखी येत नाही. फट 0.7 मिमीपर्यंतही नेता येते. त्याने उतारा किंचित वाढतो, पण साल फाटते आणि गाळायला दुप्पट वेळ लागतो. दळण्यापूर्वी दहा मिनिटे 3 किलो माल्टवर 60 मिली पाणी फवारून हाताने नीट कालवून ठेवले तर साल लवचिक होते आणि फट 0.8 मिमीवर आणूनही फाटत नाही. या एका उपायाने गाळण्याचा त्रास सर्वांत अधिक कमी झाला.

आता मोजण्याविषयी, कारण चक्कीबद्दलच्या बहुतेक तक्रारी येथेच उगवतात. अंतिम उतारा पाहून चक्कीला बरेवाईट म्हणणे चुकीचे आहे. चक्कीचा न्याय पहिल्या रसावर करावा. एका किलोला 3 लिटर पाणी घातले आणि सगळ्या पिष्टाचे रूपांतर झाले, तर धुण्यापूर्वीचा रस सुमारे 20 ब्रिक्स दाखवतो. मिक्सरच्या काळात हा आकडा 16 असे. चक्कीची फट जुळल्यानंतर तो 19 च्या पुढे राहू लागला. पहिला रस 19 असूनही शेवटचा उतारा कमी येत असेल, तर साखर तयार झाली आहे पण चोथ्यात अडकली आहे, हे उघड होते. अशा वेळी फट आणखी आवळून काही साधत नाही. धुण्याचे 6 लिटर पाणी मी 75 अंशांच्या आसपास ठेवतो, दोन हप्त्यांत घालतो आणि दोन्ही वेळा तळापासून ढवळतो. हे जमल्यावर त्याच 12 लिटरला 14 ब्रिक्स मिळू लागले, म्हणजे 77 टक्के. रस थंड करूनच मोजावा; गरम थेंबाचा आकडा फसवा असतो.

पहिलाच रस कमी भरला आणि भरड मात्र उत्तम दिसत असेल, तर तापमान आणि पाणी तपासावे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी 98 अंशांच्या जवळपास उकळते. तापमापी उकळत्या पाण्यात धरून 100 ला जुळवली, तर पुढची सगळी मापे 2 अंशांनी चुकतात आणि 66 अंशांवर ठेवायचा माल्ट प्रत्यक्षात 64 वर राहतो. पाण्याचे म्हणाल तर नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यावर मला काही करावे लागत नाही. उन्हाळ्यात बोरिंगचे पाणी वापरावे लागते तेव्हा मिश्रणाचा सामू (pH) 5.8 च्या वर जातो आणि रूपांतर रेंगाळते. चिमटीचिमटीने लिंबूसत्त घालून तो 5.4 वर आणला की आयोडीनच्या थेंबाचा निळा-काळा रंग, जो पिष्ट उरल्याची खूण असतो, वेळेत नाहीसा होतो.

चक्कीतील उणिवाही सांगायला हव्यात. फट जुळवणाऱ्या चकत्यांचे स्क्रू दळताना सैल होतात आणि एक बाजू गुपचूप उघडते, म्हणून सियागंज बाजारातून आणलेले फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या) मी दर वेळी दोन्ही टोकांना घालून पाहतो. हॉपर, म्हणजे दाणे ओतायचा वरचा डबा, लहान आहे. 3 किलोसाठी तो पुनःपुन्हा भरावा लागतो. हाताने फिरवणे दमवणारे आहे, पण ड्रिल लावायचे असेल तर मिनिटाला 200 फेऱ्यांच्या पुढे जाऊ नये, अन्यथा फट योग्य असूनही साल फाटते. रूळ साध्या पोलादाचे असल्यामुळे पावसाळ्यात गंजतात. ते पाण्याने धुऊ नयेत. ओलसर माल्ट दळल्यावर शेवटी मूठभर कोरडा माल्ट फिरवून कडक ब्रशने खाचा झाडाव्यात.

महिन्यातून एखाद्या वेळी अर्धा किलो माल्ट लागत असेल, तर ही चक्की घेण्याचे कारण नाही. नेहमी 2-3 किलोचे काम असेल, तर मात्र घेताना पाटावर ठेवून, दोन्ही बाजूंची फट वेगवेगळी जुळवता येते ना आणि रूळ हाताने फिरवल्यावर कुठे घासत नाहीत ना, हे पाहून घ्यावे. गव्हाचा माल्ट दळणाऱ्यांनी फट 0.7 मिमीपर्यंत खाली येते याची खात्री करावी, कारण गव्हाच्या दाण्याला साल नसते आणि तो जवाच्या मापाच्या फटीतून सहज निसटतो.