अँकीचा गुणफलक आणि शुल्क-सवलतीची शर्यत: कॉलेज रोडवरील एका अभ्यासिकेचे परीक्षण

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि अशोक स्तंभ या पट्ट्यात स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी अभ्यासिकांना तोटा नाही, आणि त्यांच्या फलकांवरील मजकूरही थोड्याफार फरकाने एकच असतो: शांत हॉल, स्वतंत्र लॉकर, वायफाय, आरओचे पाणी, चोवीस तास प्रवेश. मी ज्या अभ्यासिकेविषयी लिहीत आहे तिने या यादीत एक वेगळी सेवा जोडली आहे, ती म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डे ठरावीक अंतराने पुन्हा समोर आणणाऱ्या अँकी या अ‍ॅपवर आधारलेली सामूहिक उजळणी आणि तिचा साप्ताहिक गुणफलक. अभ्यासिकेचे नाव मी मुद्दाम देत नाही. चालकांच्या हेतूविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती योजनेच्या रचनेविषयी, आणि अशी योजना उद्या शेजारच्या इमारतीतही सुरू होऊ शकते.

जागेविषयी थोडक्यात सांगतो. खुर्च्या बऱ्या आहेत, दिवे डोळ्यांवर येत नाहीत, वीज गेली तर इन्व्हर्टर लगेच सुरू होतो आणि फोनवर बोलणाऱ्याला बाहेर पाठवण्याचा नियम खरोखर पाळला जातो. दुचाकी लावायला संध्याकाळी जागा मिळत नाही, पण कॉलेज रोडवर ती कोणालाच मिळत नाही. शुल्क परिसरातील इतर अभ्यासिकांच्या बरोबरीचे आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. प्रवेश घेताना प्रत्येक सभासदाच्या मोबाईलमध्ये अँकी बसवून दिले जाते आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) संयुक्त पूर्व परीक्षेच्या अभ्यासक्रमावर तयार केलेला प्रश्नांचा संच, म्हणजे डेक, मोफत मिळतो. रोज रात्री प्रत्येकाने अँकीच्या आकडेवारीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. काउंटरवरचा मुलगा ते आकडे तक्त्यात भरतो आणि दर सोमवारी दाराशेजारी छापील यादी लागते. यादीत तीन रकाने असतात: किती कार्डांची उजळणी झाली, त्यांपैकी किती टक्के उत्तरे आठवली, आणि खंड न पडता किती दिवस अभ्यास झाला. तिन्हींचा मेळ घालून क्रम लावला जातो आणि महिन्याच्या शेवटी पहिल्या तिघांना पुढच्या महिन्याचे निम्मे शुल्क माफ होते.

अँकी हे साधन निवडले याबद्दल चालकांचे कौतुकच करायला हवे. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर संगणकावर मोफत आहे, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड या नावाने मोफतच मिळते, आणि केवळ आयफोनसाठी पैसे मोजावे लागतात. वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी ते जगभर वापरतात, त्यामुळे आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे तेथे ते स्पर्धा परीक्षेवाल्यांपर्यंत पोहोचले यात नवल नाही. त्याच्या मुळाशी असलेली कल्पना जुनी आहे. शिकलेले कसे आणि किती वेगाने विसरले जाते याची मोजणी हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये प्रसिद्ध केली. विसरण्याच्या जरा आधी उजळणी व्हावी यासाठी संगणकाकडून दिवस काढून घेण्याची पद्धत प्योत्र वोझ्नियाक यांनी 1987 मध्ये बसवली, आणि अँकी बरीच वर्षे त्याच पद्धतीच्या सुधारित रूपावर चालले. 2023 च्या अखेरीपासून त्यात एफएसआरएस ही नवी पद्धतही आली आहे. ती तुमच्या जुन्या उत्तरांचा इतिहास वाचते आणि तुमची विसरण्याची गती ओळखून पुढची तारीख ठरवते.

हे सर्व ज्या एका गोष्टीवर उभे आहे ती म्हणजे उत्तर पाहिल्यानंतर तुम्ही दाबलेले बटण. प्रश्न दिसतो, तुम्ही मनात उत्तर आठवता, कार्ड उलटवता आणि अगेन, हार्ड, गुड, इझी या चारांपैकी एक निवडता. अगेन म्हणजे आठवले नाही. उरलेली तिन्ही बटणे म्हणजे आठवले, कमीअधिक कष्टाने. तपासनीस कोणी नाही. उत्तर टंकित करण्याची सोय असलेली कार्डे बनवता येतात, परंतु तेथेही अ‍ॅप केवळ तुमचे उत्तर आणि मूळ उत्तर यांतील फरक दाखवते. गुण देण्याचे काम पुन्हा तुमचेच असते.

संचातील एक कार्ड येथे नमुन्यादाखल घेतो, कारण नाशिकच्या उमेदवाराला ते तोंडपाठ असते असे सगळे समजतात. ‘जॅक्सनचा वध कोणी, कोठे आणि कधी केला?’ उत्तर: अनंत कान्हेरे यांनी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, 21 डिसेंबर 1909 रोजी. आता समजा, एखाद्याला नाव आठवले, नाट्यगृह आठवले, साल आणि महिनाही आठवला, पण तारीख 29 वाटली. त्याने कोणते बटण दाबावे? कडक परीक्षक अगेन म्हणेल, उदार परीक्षक हार्ड म्हणेल, आणि घाईत असलेला माणूस ‘हे मला येतेच’ असे म्हणून गुड दाबून पुढे जाईल. या तिघांतला कोणीही लबाड नाही. पण सोमवारच्या यादीत तिघांचे टक्के वेगळे लागतील आणि कडक माणूस खाली जाईल. खरे तर हे कार्डच सदोष आहे. एका कार्डात एकच गोष्ट विचारावी हा या पद्धतीचा एक मूलभूत नियम असून येथे तीन कार्डे हवी होती. परंतु ज्याने स्वतःपुरती ती तीन केली त्याच्या उजळणीचा आकडा तिप्पट झाला, आणि तोही कोणतीही लबाडी न करता. म्हणजे मोजमापाचे एककच प्रत्येकाचे निराळे आहे.

मुद्दाम केलेली फसवणूक याच्या पुढची. टक्क्यांचा रकाना वाढवण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे विसरलेल्या कार्डावर अगेनऐवजी हार्ड दाबणे. अँकीच्या माहितीपुस्तिकेत याबद्दल स्पष्ट इशारा आहे, कारण हार्ड हे उत्तीर्णतेचे बटण आहे. ते विसरलेल्या कार्डांवर सवयीने दाबले तर एफएसआरएस असा अर्थ काढते की या माणसाला सगळे आठवते, आणि मग केवळ तेवढ्याच नव्हे तर सर्व कार्डांची अंतरे अवाजवी लांबवते. जे कार्ड परवा यायला हवे ते पुढच्या महिन्यात येते. उजळणीच्या संख्येच्या रकान्याची गंमत उलटी आहे: अगेन दाबले की तेच कार्ड त्याच दिवशी पुन्हा समोर येते आणि उजळणीची संख्या वाढते. एका रकान्यात जे पाप ते दुसऱ्यात पुण्य, त्यामुळे दोन्ही रकाने एकत्र धरल्यास लबाडीला आळा बसेल अशी चालकांची समजूत असावी. तसे झालेले नाही. कारण ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती’ छापाच्या कार्डांचा एक खासगी डेक बनवला की संख्या आणि टक्के दोन्ही एकदम वर जातात. आकडेवारीच्या पडद्यावर चालू डेक आणि संपूर्ण संग्रह यांपैकी एक निवडण्याची सोय वरच्या बाजूलाच असते. संपूर्ण संग्रह निवडून काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये अभ्यासिकेचा डेक कुठला आणि घरचा कुठला, हे काउंटरवरच्या मुलाला कळायला मार्ग नाही. उत्तरांचा सगळा इतिहास तर वापरणाऱ्याच्याच यंत्रावर एका साध्या फाइलमध्ये असतो, त्यामुळे जाणकाराला तो हवा तसा बदलणेही अवघड नाही, पण इतक्या खटाटोपाची गरजच कोणाला पडत नाही.

यावर उपाय म्हणून ग्रुपवर काही सभासदांनी स्वयंघोषित दक्षता पथक सुरू केले. अँकीच्या आकडेवारीत प्रत्येक उत्तराला लागलेला सरासरी वेळही दिसतो. एका सभासदाचा वेळ दोन सेकंदांच्या आसपास होता, आणि संचातील राज्यघटनेची कलमे विचारणारी कार्डे नुसती वाचायलाच त्याहून अधिक वेळ लागतो, असा आरोप झाला. आरोप चुकीचा असेलच असे नाही, पण तो सिद्धही होत नाही. महिनोन्‌महिने उजळलेली छोटी कार्डे खरोखर झरझर जातात, आणि अनेकदा पाहिलेल्या कार्डाची पहिली ओळ दिसताच उत्तर सुचते. दोन दिवस ग्रुपवर अभ्यासाऐवजी खुलासेच वाचायला मिळाले. ज्याने स्वतःचे बटण स्वतः दाबले त्याच्या मनात त्या क्षणी काय होते याचा पंचनामा कोण करणार? मला या संपूर्ण प्रकरणात लबाडीपेक्षा ही संशयाची हवा अधिक त्रासदायक वाटली, कारण प्रामाणिकपणे वेगवान असलेल्या माणसाला आपली बाजू मांडायला काही साधनच उरत नाही.

शिवाय लबाडी पूर्णपणे बाजूला ठेवली तरी ही शर्यत समान रेषेवरून सुरू होत नाही. नवीन सभासदाची कार्डे नवी असतात, ती साहजिकच अधिक विसरली जातात. दोन वर्षे तोच अभ्यास करणाऱ्याची मुरलेली कार्डे नव्वद टक्क्यांच्या वर सहज राहतात. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात पाळी करून संध्याकाळी येणारा उमेदवार उजळणीच्या संख्येत पूर्णवेळ विद्यार्थ्याला कधीच गाठू शकणार नाही. आणि निम्म्या शुल्काची माफी खरोखर उपयोगी पडावी असा सभासद बहुधा हाच असतो. खंड न पडण्याचा रकाना त्यातल्या त्यात निरुपद्रवी आहे. तेथे दिवसाला एक कार्डही पुरते, आणि अँकीचा दिवस मूळ रचनेनुसार पहाटे चार वाजता बदलत असल्याने रात्रपाळीवाल्याचीही थोडीफार सोय होते.

चालकांचे म्हणणे असे की, इतर शिकण्याच्या अ‍ॅपमध्येही फलक असतातच. ते खरे आहे. ड्युओलिंगोमध्ये दर आठवड्याला लीग असते, उत्तरे अ‍ॅप स्वतः तपासते, आणि तरीही सोपे धडे पुन्हापुन्हा करून गुण गोळा करणारे असतातच. परंतु त्या ठिकाणी बिघडतो तो बहुतांशी फलक. अँकीमध्ये तेच बटण गुणही देते आणि पुढची उजळणीही ठरवते. त्यामुळे फलकासाठी बोललेले खोटे थेट अभ्यासाच्या वेळापत्रकात जाऊन बसते. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार आहे. स्वयंमूल्यमापन हा अँकीचा दोष मुळीच नाही. एकटा माणूस स्वतःसाठी वापरत असतो तोवर त्याला खोटे बोलण्याचे कारणच नसते, आणि म्हणून तपासनीस नसल्याने काही बिघडत नाही. ते कारण या योजनेने पुरवले, आणि वर त्याला शुल्कमाफीचे बक्षीस लावले.

चालकांची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. यादी लागू लागल्यापासून सकाळच्या जागा लवकर भरतात, आणि घरी बसून कंटाळलेल्या काहींना या चुरशीनेच बाहेर काढले. मग यादीत उपस्थितीच मोजावी. दारावर बोटाच्या ठशाचे यंत्र आधीपासून आहे, आणि त्याचा आकडा कोणाच्या मनावर अवलंबून नाही. शुल्कमाफी मात्र ज्ञानाशीच जोडायची असेल तर तिचे साधनही याच हॉलमध्ये आहे. महिन्यातून एका रविवारी येथे सराव चाचणी होते: संयुक्त पूर्व परीक्षेप्रमाणेच 100 प्रश्न, एक तास, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुणाची वजावट. प्रश्न दुसऱ्याने काढलेले, उत्तरपत्रिका दुसऱ्याने तपासलेली. त्या चाचणीचा निकाल आणि सोमवारची यादी शेजारी शेजारी लावून पाहिल्यास वरची नावे जुळत नाहीत, हे काउंटरवर उभे राहून कोणीही पाहू शकतो. तरीही माफी यादीवरूनच मिळते, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. नव्या आणि नोकरदार सभासदांचा विचार करायचा तर स्वतःच्या मागील चाचणीपेक्षा झालेली वाढ मोजणे अधिक न्याय्य ठरेल.

ज्यांनी मागील काही आठवडे यादीसाठी हार्ड दाबण्यात घालवले आहेत त्यांच्यासाठी एक व्यवहार्य सूचना. डेकच्या सेटिंगमध्ये एफएसआरएसच्या विभागात, ठरावीक तारखेपूर्वी उजळलेली कार्डे हिशेबात न धरण्याची सोय आहे; ती तारीख भरून गणित पुन्हा करून घ्यावे. जी कार्डे नक्की येत नाहीत ती निवडून रीसेट करावीत, म्हणजे ती नव्याने शिकायला समोर येतील. पहिले आठ-दहा दिवस उजळणीचा ढीग वाढलेला दिसेल आणि टक्के घसरतील.

एकूण माझे मत असे की जागेसाठी ही अभ्यासिका घ्यावी, संचही घ्यावा, मात्र एकाहून अधिक गोष्टी विचारणारी जोडकार्डे फोडून स्वतःपुरती दुरुस्त करावीत. गुणफलकात भाग घेणे बंधनकारक नाही, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कोणी आपणहून सांगत नाही. काउंटरवर एक ओळीचा अर्ज दिला की नाव यादीतून काढतात आणि डेक तुमच्याकडेच राहतो. अर्ज सोमवारच्या आत द्यावा, कारण यादी छापली गेली की पुढचा आठवडाभर नाव तसेच राहते.