राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना : चौदा महिने घेतलेल्या भत्त्याचा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील ज्या कारखान्यात मी सतरा वर्षे गाड्यांच्या वायरिंगची जुळणी केली, तेथील आमची संपूर्ण लाइन २०२३ च्या फेब्रुवारीत व्हिएतनामला हलवण्यात आली. मशीन लाकडी खोक्यांत भरून ट्रकवर चढवण्याचे कामही आमच्याकडूनच करून घेतले गेले. त्यानंतर चौदा महिने माझे घर ज्या सरकारी मदतीच्या आधाराने चालले, तिच्याबद्दल मी येथे लिहितो आहे, कारण दरमहा पगारातून ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, पाऊण टक्का कापून देणाऱ्या बहुतेक कामगारांना ही वर्गणी केवळ दवाखान्यासाठी असते असेच वाटते. मलाही तसेच वाटत होते.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची ही योजना १ एप्रिल २००५ पासून आहे. आरंभी ती सहा महिन्यांपुरती होती. आता एकूण २४ महिने बेकारी भत्ता मिळू शकतो, पहिले बारा महिने सरासरी वेतनाच्या निम्मा आणि पुढील बारा महिने पाव. नोकरी जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे वर्गणी भरलेली असावी लागते आणि नोकरी जाण्याचे कारण कारखाना बंद होणे, कामगार कपात किंवा कामाशी संबंध नसलेल्या इजेमुळे आलेले किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व यांपैकी एक असावे लागते. माझा पगार १८,४०० रुपये होता, म्हणून मला वर्षभर महिन्याला सुमारे ९,२०० रुपये आणि नंतरचे दोन महिने त्याच्या निम्मे मिळाले. काम कोणत्या देशात गेले, मालकाने लाइन का हलवली, हे कोठेही सिद्ध करावे लागले नाही, आणि ही या योजनेची मला सर्वांत मोलाची वाटलेली बाजू आहे.

तिचे मोल समजण्यासाठी अमेरिकेकडे पाहावे. तेथे परदेशी मालामुळे किंवा उत्पादन बाहेर गेल्यामुळे बेकार झालेल्यांसाठी १९६२ च्या व्यापार कायद्यापासून वेगळी मदत होती आणि १९७४ च्या कायद्याने ती बरीच विस्तारली. मात्र तेथे आधी कामगारांच्या गटाला सरकारकडे अर्ज करून आपले काम परदेशी व्यापारामुळेच गेले हे मान्य करून घ्यावे लागे, आणि १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना मंजुरी देणेच थांबले आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा कधी झालाच नाही; परंतु विम्याच्या नियमात कारणाची खोलवर चौकशी नसल्यामुळे व्हिएतनामला गेलेल्या लाइनचा कामगार आणि कर्जात बुडालेल्या गिरणीचा कामगार एकाच रांगेत उभा राहू शकतो.

मात्र त्या रांगेपर्यंत पोहोचण्याआधी एका कागदाशी गाठ पडते आणि बहुतेकांचा घात तेथेच होतो. लाइन बंद होण्याच्या आदल्या आठवड्यात आम्हाला चार-चारच्या गटाने कार्यालयात बोलावून धनादेश दाखवण्यात आला आणि सोबत एक छापील मजकूर ठेवण्यात आला. मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे, असे त्यात लिहिले होते. आमच्यातील वयाने मोठे असलेल्या एका सहकाऱ्याने दारातच मला थांबवून सांगितले, "भाऊ, पैसे उद्याही भेटतील, पण राजीनाम्यावर सही करू नका." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. स्वतःहून नोकरी सोडणारा किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणारा कामगार या भत्त्याला अपात्र ठरतो, मग त्याची वर्गणी वीस वर्षांची का असेना. आम्ही नऊ जणांनी सही नाकारली, कपातीची लेखी नोटीस मागितली आणि औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे दर वर्षाच्या सेवेसाठी पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई घेतली. इतरांना धनादेशाची रक्कम आमच्याहून थोडी अधिक मिळाली. ज्याच्या घरी मुलीचे लग्न ठरलेले होते, त्याने त्या दिवशी ती घेतली याबद्दल मी त्याला दोष देऊ शकत नाही.

नोटीस हातात असूनही माझा अर्ज लगेच मार्गी लागला नाही, आणि त्याला कारण पुन्हा कंपनीच होती. ईएसआयच्या मासिक विवरणपत्रात कामगाराचे कामाचे दिवस शून्य दाखवताना मालकाला कारण निवडावे लागते. त्यात नोकरी सोडली आणि कामगार कपात ही दोन वेगळी कारणे आहेत. आमच्या नऊही जणांपुढे नोकरी सोडली हेच कारण टाकले होते. ती एक नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी मला सात आठवडे कंपनीच्या फाटकावर खेटे घालावे लागले, कारण हिशेब पाहणारा माणूस तोवर पुण्याच्या कार्यालयात बदलून गेला होता. ज्यांची नोकरी जाण्याची चिन्हे आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की नोटिशीची पोच, शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या आणि विमा क्रमांक जवळ ठेवून ही नोंद फाटकातून बाहेर पडण्यापूर्वीच तपासून घ्यावी.

नोंद सुधारल्यानंतर गणेशपेठेतील पंचदीप भवनात, म्हणजे महामंडळाच्या कार्यालयात, आणि शाखेत माझे काम सरळ झाले. खिडकीवरील बाईंनी अर्जातील रकाने समजावून सांगितले आणि पैसे थेट बँक खात्यात आले. भत्त्याच्या काळात स्वतःवरील आणि कुटुंबावरील उपचार चालू राहतात, हे तर मला पैशाहूनही मोठे वाटले. माझ्या पत्नीचा मधुमेह जुना आहे. सोमवारीपेठेतील रुग्णालयातून तिची औषधे एकही महिना न चुकता मिळाली, नाहीतर ९,२०० रुपयांतून ती विकत घेणे आम्हाला जमले नसते. नागपुरात ही विमा योजना १९५४ पासून आहे आणि माझ्या आईच्या बाळंतपणाचा कागदही त्याच रुग्णालयाचा आहे.

याच महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे, पण तिच्यात आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता मिळतो. मूळचा पंचवीस टक्क्यांचा दर कोरोनाच्या वर्षी पन्नास टक्के करण्यात आला. कपातीची नोटीस असेल तर राजीव गांधी योजनेचाच अर्ज करावा.

आता उणिवा. पहिली म्हणजे वेतनमर्यादा. २१,००० रुपयांहून अधिक पगाराचा कामगार ईएसआयच्या बाहेर जातो आणि ही मर्यादा जानेवारी २०१७ पासूनची आहे. आमच्या लाइनवरील मेंटेनन्सचे दोन फिटर २३ आणि २४ हजारांवर होते, म्हणजे माझ्याहून फार श्रीमंत नव्हते, परंतु त्यांना एक पैसाही मिळाला नाही. माझे वडील सूतगिरणीत होते. खासगी कापडगिरण्या कायमच्या बंद पडल्यास १९८६ च्या पुनर्वसन निधीतून कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मिळत. त्या मानाने आजचा निम्मा दर तोकडा आहे, विशेषतः पहिल्या वर्षी, जेव्हा घराचे हप्ते आणि शाळेची फी पूर्वीच्याच पगाराच्या हिशेबाने चालू असतात.

दुसरी उणीव मला अधिक टोचते. नवे काम मिळताच भत्ता थांबतो, मग ते काम कितीही कमी पगाराचे असो. मे २०२४ मध्ये मी बुटीबोरीत ठेकेदारामार्फत १३,५०० रुपयांवर लागलो. सेहेचाळिसाव्या वर्षी एवढेच मिळाले. रोख मजुरीवर, कागदावर न येता काम करून भत्ता चालू ठेवण्याचा मोह माझ्या ओळखीच्या अनेकांना झाला आणि नियमच त्यांना त्या दिशेने ढकलतो. अमेरिकेच्या योजनेत पन्नाशीपुढील कामगाराने कमी पगाराचे काम धरले तर जुन्या आणि नव्या पगारातील फरकाचा निम्मा भाग दोन वर्षांपर्यंत, एकूण दहा हजार डॉलरच्या मर्यादेत, सरकार देत असे. तोच हिशेब लावला तर मला महिन्याला २,४५० रुपये मिळाले असते आणि विमा महामंडळाला ते ४,६०० रुपयांच्या भत्त्याहून स्वस्त पडले असते. भत्त्याच्या काळात व्यवसाय प्रशिक्षणाची फी भरण्याची तरतूद आहे, तिचा विचार मीही केला होता, पण चाळिशी उलटलेल्या माणसाला प्रमाणपत्र पाहून कामावर घेणारा कारखाना मला बुटीबोरीपासून हिंगण्यापर्यंत सापडला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा, अशी तरतूद आहे. ही रक्कमही कपात झालेल्यालाच मिळणार आहे. आमच्या शेजारच्या प्लॉटवरील कारखान्यात सध्या खोकी भरण्याचे काम सुरू आहे. तेथील तीन मुले गेल्या रविवारी घरी आली होती; राजीनाम्याचा तोच छापील मजकूर त्यांच्याही मोबाइलवर आलेला होता. त्यांना मी माझ्या नोटिशीची आणि विवरणपत्रातील दुरुस्त नोंदीची प्रत दिली आहे.